फय्याजीचा पुरस्कार

२३ डिसेंबर २०१९ ची संध्याकाळ. अंबाजोगाईच्या आमच्या घरात समोरच्या खोलीत चटई टाकून आम्ही कागद निवडत बसलो होतो. अम्मी, फुप्पी आणि मी. माझं सासर दोन गल्ल्या सोडून आहे. शाळा सुटली की रोज इकडे येऊन तास-दीड तास हेच काम चाललं होतं. राशनकार्ड एकीकडे, आधार एकीकडे, घरपट्टीच्या पावत्या एकीकडे, अब्बांचे एसटीतले कागद एकीकडे.

त्या महिन्यात मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात हेच चाललं होतं. नागरिकत्व दुरुस्ती कायदा संसदेत मंजूर झाला होता, आणि पाठोपाठ एनआरसी येणार अशी चर्चा होती. कुणाला नेमकं काही माहीत नव्हतं. पण भीतीला नेमकी माहिती लागत नाही. कुणी म्हणे १९५१ च्या आधीचा पुरावा लागेल, कुणी म्हणे १९७१ चा. जे ज्याने सांगितलं ते त्याने शोधायला घेतलं.

आमच्या शाळेतही गर्दी होती. वीस-तीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेली माणसं निर्गम उताऱ्यासाठी येत होती. जुने रजिस्टर उर्दूत. काही पानांवरचं अक्षर इतकं घाईचं की उर्दू शिकलेल्यालाही लागू नये. मी शिकवते उर्दूत आणि लिहिते मराठीत, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. उर्दू नोंद वाचायची आणि मराठी उताऱ्यावर उतरवायची. एकाच माणसाचं नाव दाखल्यात अब्दुल रहीम, राशनकार्डात रहीम अब्दुल आणि आधारवर रहिम शेख. जन्मगावाच्या रकान्यात कुठे कुठे मोमिनाबाद लिहिलेलं. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाईच, निजामाच्या काळातलं नाव. पण समोर उभा असलेला मजूर घाबरून विचारायचा, "टीचर, ये गाँव नक्शे में है ना?"

तर त्या संध्याकाळी टीव्ही चालू होता, आवाज बारीक. बातम्यांत दिल्लीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा दाखवत होते. व्हीलचेअरवर बसलेल्या एका वृद्ध बाईला पुरस्कार देत होते, आणि सभागृहातले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

फुप्पीने चष्मा सारखा केला. "अगे, ये तो अपनी दादीसा है!"

दादीसा म्हणजे 'बालिका वधू'मधली. २००८ साली ती मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत रात्री आठ वाजता रस्ता ओस पडायचा. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारे आईबाप मुलीची काळजी नको म्हणून तिचं लवकर लग्न लावून देतात. मोहल्ल्यातही तेच, कारणं वेगळी. त्यामुळे ती दादीसा आम्हाला राजस्थानातली वाटायचीच नाही. ती शेजारच्या घरातली वाटायची.

"कौनसा इनाम मिला इसकू?" फुप्पीने विचारलं.

"'बधाई हो' म्हणून सिनेमा आहे, त्यातल्या कामाचं. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री."

"सहाय्यक बोले तो?"

मी उर्दूत सांगितलं, "मुआविन. मददगार."

फुप्पी काही बोलली नाही. अम्मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढत होती. तिचं टीव्हीकडे लक्ष नव्हतं.

सुरेखा सिक्री यांच्याविषयी मी त्या रात्री शोधून वाचलं. शिक्षकाची खोड. काही काळ अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात होत्या, मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या आणि तिथल्या नाटकमंडळीत दहा-पंधरा वर्षं काम करून मुंबईला आल्या. २०१८ साली महाबळेश्वरला चित्रीकरण चालू असताना पडून डोक्याला मार लागला, मेंदूचा झटका आला, म्हणून ती व्हीलचेअर. सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो तिसऱ्यांदा. पहिला १९८७ सालासाठी 'तमस'मध्ये, दुसरा १९९४ सालासाठी 'मम्मो'मध्ये, तिसरा हा.

या पुरस्काराचं आणि मराठी बाईचं नातं जुनं आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत हा विभाग १९८४ सालापासून सुरू झाला आणि पहिला मान मिळाला रोहिणी हट्टंगडींना, 'पार्टी'साठी. त्याआधी 'गांधी'मधल्या कस्तुरबासाठी १९८३ साली त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला होता, तोही सहाय्यक भूमिकेचाच. फिल्मफेअरने १९५५ साली हा पुरस्कार पहिल्यांदा दिला तो उषा किरण यांना, 'बादबान'साठी. पुढे 'अनाडी'साठी ललिता पवार यांना, ज्या आपल्या येवल्याच्या. मग सोलापूरच्या शशिकला यांना लागोपाठ दोन वर्षं. नंतर दुर्गा खोटे. नायिका कुठूनही येवो, तिची सासू, आई, मावशी, मोलकरीण व्हायला मराठी बाई हजर. पडद्यावरचं घर याच बायांनी सांभाळलं.

पण मी थांबले ते दुसऱ्या गोष्टीपाशी. सुरेखा सिक्रींना मिळालेल्या तीन पुरस्कारांपैकी दोन भूमिका मुसलमान बायांच्या आहेत. 'तमस'मधली राजो आणि 'मम्मो'मधली फय्याजी. दोघी घर सांभाळणाऱ्या. दोघींच्या दाराशी कुणीतरी आसरा मागायला येतं.

'तमस' फुप्पीने पाहिला होता. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर दाखवला तेव्हा, शेजाऱ्यांच्या घरी. मी तेव्हा दीड-दोन वर्षांची. फाळणीच्या दंगलीत एक म्हातारं शीख जोडपं जीव वाचवायला एका मुसलमानाच्या घराचं दार वाजवतं. घरातले पुरुष लुटीला गेलेले. राजो त्यांना आत घेते. फुप्पी सांगायची, ते पाहताना ती उठून अंगणात गेली होती. कारण तिच्या आयुष्यात हेच उलट्या बाजूने घडलं होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं तेव्हा फुप्पी चार वर्षांची. आमचे लोक तेव्हा केजकडच्या एका खेड्यात राहत. गावातल्या एका माळकरी घरातल्या बाईने दादीला आणि तिला आपल्या घरच्या बळदात लपवलं. ज्वारीच्या धुळीने फुप्पीला ठसका लागायचा, आणि दादी तिच्या तोंडात पदराचा बोळा धरायची. किती रात्री, ते फुप्पीला सांगता येत नव्हतं. त्या माळकरी बाईचं नावही तिला आठवत नव्हतं. फक्त तिच्या हातचं पिठलं आठवत होतं.

म्हणजे राजो आमच्या घरात आधीपासून होती, गळ्यात तुळशीची माळ घालून. फय्याजी मात्र मला ओळखता आली नव्हती.

जानेवारी २०२० च्या एका रविवारी मी 'मम्मो' मोबाइलवर लावला. शाळेत स्नेहसंमेलनाची धावपळ संपली होती. फुप्पीसाठी मोबाइल उशीला टेकवून उभा केला. अम्मी शेजारी तांदूळ निवडत बसली. "तुम देखो, मैं सुनती," म्हणाली.

श्याम बेनेगल यांनी १९९४ साली केलेला हा सिनेमा. कथा खालिद मोहम्मद यांची, आणि ते स्वतः चित्रपटसमीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सिनेमांवर लिहिलेल्या माणसाने आपल्याच घरातल्या एका नात्यातल्या बाईची गोष्ट लिहिली. मुंबईत फय्याजी नावाची बाई आपल्या नातवाला घेऊन राहते. नातू रियाज तेरा वर्षांचा, आईबापाविना वाढलेला, आडमुठा. एक दिवस फय्याजीची बहीण महमूदा बेगम, म्हणजे मम्मो, पाकिस्तानातून येते. फाळणीत नवऱ्याबरोबर तिकडे गेलेली. नवरा मेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आता तिचं इथे बहिणीशिवाय कुणी नाही, आणि हातात फक्त मुदतीचा व्हिसा. मुदत वाढवून घ्यायला ऑफिसचे खेटे, चिरीमिरी, एक साहेब बदलून दुसरा. शेवटी पोलीस तिला घरातून उचलून आगगाडीत बसवतात.

मम्मोचं काम केलंय फरीदा जलाल यांनी. मम्मो बोलते, रडते, भांडते, नमाज पढते, दुसऱ्याच्या भानगडीत पडते. पडदा तिचाच आहे. फरीदा जलाल यांची गंमत अशी की आयुष्यभर त्यांना फिल्मफेअर मिळालं ते सहाय्यक भूमिकांसाठी. 'पारस', 'हिना', 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. कधी बहीण, कधी आई. मुख्य भूमिकेतली अभिनेत्री म्हणून त्यांचा मान केला तो समीक्षकांनी, 'मम्मो'साठी. आणि त्याच सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कारांच्या परीक्षकांनी सुरेखा सिक्रींना सहाय्यक अभिनेत्री ठरवलं. एका घरातल्या दोन बहिणी, दोघींना पुरस्कार, पण वेगवेगळ्या रकान्यात.

समीक्षकांचं यात मला कौतुक वाटतं. प्रेक्षक म्हणून आपण गाणी आणि चेहरे लक्षात ठेवतो. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून ऐकणाऱ्या बाईकडे आपलं लक्ष जात नाही. समीक्षकाचं ते कामच आहे, ज्याच्यावर उजेड नाही तिकडे बघणं. फय्याजीला मम्मोसारखं बोलायला मिळत नाही. तिला हिशेब करायचा असतो. एका माणसाचं खाणं वाढलं, नातवाची फी आहे, शेजारी काय म्हणतील, पोलीस आले तर काय. ती मम्मोवर चिडते, तिला टोचून बोलते. बघणाऱ्याला राग येतो. बिचारी मम्मो कुठून कुठे आली आणि सख्खी बहीण अशी! पण दार फय्याजीनेच उघडलेलं असतं.

सिनेमा संपेपर्यंत अंधार पडला होता. वीस वर्षांनी म्हातारी मम्मो पुन्हा दारात उभी राहते. आणि या वेळी तिला कुणी परत पाठवू नये म्हणून कागदावर तिला मृत दाखवायचं ठरतं. मेलेल्या माणसाला कोण हद्दपार करणार? फुप्पी त्यावर मोठ्याने हसली. मग गप्प झाली.

मी तिचा हात धरला. मला वाटलं होतं ती मम्मोसाठी रडेल. कारण फुप्पी आमच्या घरची मम्मो होती. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली. मूलबाळ नाही. सासरच्यांनी चाळीस दिवसांनी तिची पेटी बाहेर ठेवली. १९८० साली ती भावाकडे, म्हणजे अब्बांकडे आली आणि इथलीच झाली. मशीनवर शिवण करायची, पुढे साड्यांना फॉल-पिको. मी तिच्याच कुशीत वाढले. माझ्या बी.एड.ची फी, तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं, तिच्या फॉल-पिकोच्या पैशांतून भरली गेली.

फुप्पी म्हणाली, "उस दिन तू क्या बोली थी? मददगार?"

"हो. त्या फय्याजीलाच तो पुरस्कार. सहाय्यक."

"घर किसका था?"

"फय्याजीचं."

"राशन किसके कार्ड पे आता था?"

"तिच्याच."

"बच्चा कौन पाली?"

"तीच."

"फिर वो मददगार कैसी हुई? पूरा घर उसके सर पे, और नाम मददगार?"

मी हसले. म्हटलं, सिनेमात असंच असतं, जिची गोष्ट असते ती मुख्य. आणि आपल्या घरात गोष्ट तुझी आहे.

"हौ, मैं मम्मो हूँ," फुप्पी म्हणाली. "वो मेरेकु मालूम है. तू ये देख, फय्याजी कौन है." आणि तिने हनुवटीने अम्मीकडे खूण केली. "वो बैठी, चावल चुनती."

अम्मीने सूप उचललं आणि ती आत गेली.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगायला मला लाज वाटते. त्याच्या चार महिने आधी, ५ सप्टेंबरला, तालुक्याच्या एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला होता. शाल, नारळ, एक फ्रेम. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी चांगलं बोलले. अब्बांचं नाव घेतलं. ते एसटीच्या डेपोत सहायक कारागीर होते, हातावर ग्रीस असतानाही मला पाढे विचारायचे. नवऱ्याचं नाव घेतलं, हेडमास्तरांचं घेतलं. आणि म्हणाले, माझ्या डिग्रीच्या मागे माझ्या फुप्पीची शिलाई मशीन आहे. टाळ्या पडल्या. फुप्पीला उभं राहायला लावलं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर अम्मी बसली होती, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन. तिचं नाव मी घेतलं नाही.

विसरले, असं म्हणता येईल. पण ते पूर्ण खरं नाही. माझ्या मनात अम्मी म्हणजे कणीक मोजणारी, साखरेचा डबा वर ठेवणारी, फुप्पीशी रोज सकाळी मिठावरून आणि संध्याकाळी रॉकेलवरून भांडणारी बाई होती. लहानपणी मी फुप्पीच्या बाजूने असायचे. अम्मी म्हणायची, "दो जनी का पेट भरता था, तीन जनी कू पुराती हूँ." ते वाक्य मला फुप्पीचा अपमान वाटायचं. त्यातला हिशेब मला ऐकू आला नाही.

त्या रविवारी फुप्पीने मला जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं.

ती माहेरी आली तेव्हा अम्मीच्या लग्नाला एकच वर्ष झालं होतं. अम्मी वीस वर्षांची. मोठ्या चुलत्यांनी परभणीकडचं एक स्थळ आणलं, पाच मुलांचा बिजवर, फुप्पीहून वीस वर्षांनी मोठा. सगळे म्हणाले, जवान बेवा घरात ठेवणं बरं नाही. अब्बा मान खाली घालून बसले. त्यांना बहिणीची माया होती, पण बडे अब्बांपुढे तोंड उघडत नव्हतं. तेव्हा दाराआडून अम्मी बोलली. नवी सून, डोक्यावरचा पदर छातीपर्यंत ओढलेला. "आपा कहीं नहीं जाती. आपा मेरे घर में रहती."

"भाई का घर नहीं बोली वो," फुप्पी म्हणाली. "मेरा घर बोली. उस दिन से ये घर हुआ."

आणि दुसऱ्याच दिवशी दोघींचं मिठावरून भांडण झालं.

मशीनचंही तसंच. मला वाटायचं मशीन फुप्पीच्या जहेजची. फुप्पी म्हणाली, सासरने सुईसुद्धा दिली नाही. अम्मीने आपली चांदीची पाजेब मोडून जुनी मशीन आणली होती. देताना गोड शब्द नाही. म्हणाली होती, "बैठी बैठी रोती, बैठी बैठी सियो."

म्हणजे माझ्या डिग्रीच्या मागे मशीन, आणि मशीनच्या मागे पाजेब. मी माइकवरून अर्ध्यापर्यंतच गेले होते.

"तो तू उस दिन बोली कायकू नहीं?" मी फुप्पीवर चिडले.

"तेरी माँ मना की थी. बोली, बच्ची तुमारेकु चाहती, चाहने दो. मेरेकु तो माँ बोलतीच है."

रात्री मी ती पत्र्याची पेटी पुन्हा उघडली. अम्मीने कागदांच्या तीन पिशव्या केल्या होत्या. एक अब्बांची, एक स्वतःची. तिसरी सगळ्यांत जाड, ती फुप्पीची. त्यात फुप्पीच्या शाळेचा दुसरीपर्यंतचा उर्दू दाखला होता, खेड्यातून आणलेला. निकाहनामा होता, फूफांच्या मृत्यूचा दाखला होता. आणि एक जुनं राशनकार्ड, ज्यात अब्बा, अम्मी यांच्या खाली निळ्या शाईत फुप्पीचं नाव चढवलेलं. ते नाव सासरच्या कार्डातून कमी करून इथे चढवायला अम्मी किती वेळा तहसीलला गेली, ते त्या कागदांच्या घड्यांवरून कळत होतं. अम्मीला मराठी वाचता येत नाही. तरी प्रत्येक कागद कोणता, हे ती त्याच्या रंगावरून सांगते. मोहल्ला २०१९ साली कागद शोधायला लागला. अम्मी १९८० पासून जमवत होती.

मम्मोकडे अशी पिशवी असती तर, असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, फय्याजीनेही जमवलीच असेल. काही पिशव्या पुऱ्या पडत नाहीत.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या रमजानमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत फुप्पी गेली. सोळावा की सतरावा रोजा होता. दफनाला घरची चारच माणसं. फातेहाला कुणाला बोलवायचीही सोय नव्हती. अम्मी चाळीस दिवस मशीनवर कापड टाकून बसली होती, स्वतः त्या मशीनसमोर. ती शिवायला कधी शिकली नाही.

जुलैच्या १६ तारखेला टीव्हीवर बातमी आली, सुरेखा सिक्री गेल्या. अम्मी म्हणाली, "आपा की दादीसा गयी." मग थोड्या वेळाने, "वो फय्याजी वालीच ना?" मी चमकले. त्या रविवारी तांदूळ निवडता निवडता तिने सगळं ऐकलं होतं. तिने त्यावर चकार शब्द काढला नव्हता. आताही काढला नाही.

राशनकार्डातून फुप्पीचं नाव कमी करायचं राहिलं होतं. मी म्हटलं, मी जाते. अम्मी म्हणाली, चढवायला मी गेले होते, उतरवायलाही मीच येणार. ऑगस्टमध्ये आम्ही तहसीलला गेलो. खिडकीसमोर रांग. अम्मीने पिशवीतून फुप्पीचा मृत्यूचा दाखला काढला, रंग बघून, बरोबर तोच. कारकुनाने कार्ड उघडलं आणि लाल पेन उचललं.

अम्मी खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "साहेब, रेघ बारीक मारा. नाव वाचता आलं पाहिजे."

तिच्या तोंडून मी इतकं सरळ मराठी वाक्य कधी ऐकलं नव्हतं. वाटेत घोकून आली असावी. कारकुनाने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग पट्टी घेतली आणि अक्षरांच्या खालच्या अंगाने एक बारीक रेघ ओढली. शिक्का मारला.

येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "अम्मी, उस दिन तकरीर में मैं तेरा नाम नहीं ली." दीड-पावणेदोन वर्षं घशात अडकलेलं वाक्य.

अम्मी बाहेर बघत होती. म्हणाली, "लेती तो क्या होता? शक्कर मिलती क्या दो किलो?"

मी काही बोलले नाही. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "वो फय्याजी कू इनाम में क्या मिला था?"

"रजत कमळ. चांदीचं."

"चांदी का," अम्मी म्हणाली, आणि तिने पाय थोडे आत ओढून घेतले. "अच्छा है. चांदी वापस आयी."

आमच्या शाळेच्या संमेलनात नाटकासाठी एकच बक्षीस असायचं, उत्कृष्ट अभिनयाचं. शाळा पुन्हा नीट सुरू झाल्यावर मी दुसरं बक्षीस चालू केलं, स्वतःच्या पैशातून, एक स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर काय लिहायचं, यावर दोन दिवस अडले. सहाय्यक लिहावं तर फुप्पीचा प्रश्न आठवतो. मुआविन लिहिलं तरी तेच. शेवटी मुलींनाच विचारलं. नाटकात जी बोलत नाही पण जिच्याशिवाय नाटक उभं राहत नाही, तिला काय म्हणायचं? नववीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, घरवाली."

वर्ग हसला. मी तेच लिहिलं.